माथा ते पायथा, आणि मधली खुर्ची

परवा रात्री गावाहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. इकडचं तिकडचं झाल्यावर मुद्द्यावर आला. "गावात पुन्हा पाणलोटाची समिती होतेय. लोक म्हणतायत, अध्यक्ष तुमच्याच घरातला करू. मागच्या वेळी आबांनी केलंच होतं. सातबारा सामाईक आहे, तुझंही नाव आहे, म्हणून विचारतो. तुझं काय म्हणणं?"

मी म्हटलं, विचार करून सांगते.

फोनवर मला मुद्देसूद बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. ब्लॉगवाल्या मित्रमंडळींना आमच्या घरचं भांडण फुकटात वाचायला मिळेल. आणि नातेवाईकांपैकी जे वाचतात त्यांनी, दादाला फोन करायच्या आधी कृपया शेवटपर्यंत वाचावं. :-)

आधी आबांबद्दल. वीसेक वर्षांपूर्वी गावात पाणलोटाचं काम झालं तेव्हा आबा समितीचे अध्यक्ष होते. मी सुट्टीत गेले होते आणि पाऊस कोसळत होता. सगळे घरात बसलेले, आणि आबा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन शिवारात. मला वाटलं, ह्या वयात हे काय! दोन तासांनी चिखलाने माखून आले आणि म्हणाले, "साहेबांनी मे महिन्यात कोरड्या रानात रेघ मारली. पाणी कुठून पळतं ते पावसातच दिसतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी एका बांधाची सांड हलवायला लावली. तो बांध आजही उभा आहे. शेजारचा, नकाशाबरहुकूम घातलेला, दुसऱ्याच पावसात फुटला.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की मृद आणि जलसंधारणाचं पुढारपण तिथे जमीन असणाऱ्या माणसाकडेच हवं. बाहेरचा माणूस कितीही शिकलेला आणि कितीही प्रामाणिक असला तरी योजना संपली की जातो. समतल चर चार-पाच पावसाळ्यांत गाळाने भरतात, बांधाला उंदीर-खेकडे भोकं पाडतात, सांडीचे दगड कुणीतरी घरी नेतं. हे रोज पाहणारा, आणि पाहिल्यावर पोटात कालवणारा माणूस म्हणजे ज्याचं रान त्या बांधाखाली आहे तोच.

ही कल्पना काही आपलीच नाही. अमेरिकेत १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी लाखो एकरांवरची माती उडून गेली. १९३५ साली तिथे मृदसंधारणाचा कायदा झाला. पण वॉशिंग्टनमधल्या खात्याचं ऐकून कुठला शेतकरी आपल्या रानात बांध घालून घेणार? म्हणून १९३७ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी राज्यांच्या गव्हर्नरांना एका नमुना कायद्याचा मसुदा पाठवला. जिल्ह्याजिल्ह्यात मृदसंधारण मंडळं करा आणि त्यावर तिथलेच शेतकरी बसवा, असं त्याचं सार. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनात पहिलं मंडळ निघालं. आज तिकडे अशी सुमारे ३,००० मंडळं आहेत आणि त्यावर बसणारे बहुतेक शेतकरी-जमीनमालक मानधनाची फारशी अपेक्षा न ठेवता काम करतात.

पण त्या गोष्टीचा एक उत्तरार्ध आहे आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. त्या नमुना कायद्यात मंडळांना आणखी एक अधिकार होता. लोकांचं मतदान घेऊन जमीन कशी वापरायची, ह्याचे सक्तीचे नियम करण्याचा. तो अधिकार फारच थोड्या ठिकाणी वापरला गेला. बांध घाला, झाडं लावा, सल्ला द्या, अनुदान वाटा, हे सगळं झालं. पण शेजाऱ्याला "हे तू करायचं नाहीस" असं सांगणं जमीनमालकांच्या मंडळाला जड गेलं. साहजिक आहे. उद्या तोच नियम आपल्यालाही लागणार असतो ना.

आता तिथून थेट आमच्या ओढ्यावर येते, कारण आमच्याकडे नेमकं हेच झालं.

पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचं असतं. वर डोंगरावर चर खणायचे, तिथे पळणारं पाणी थांबवायचं, मग खाली ओढ्यावर बंधारे. शास्त्र म्हणून हे अगदी बरोबर आहे. पण माणसांचा हिशेब मांडून बघा. माथ्यावर कोण राहतं? आमच्या गावात वरच्या वस्तीवर. बरड जमीन, थोडी मेंढरं, आणि काहींच्या नावावर गुंठाभरही नाही. चर खणले गेले त्यांच्या रानात आणि गायरानात. चराईबंदी तीन वर्षं पाळली त्यांनी, म्हणजे मेंढरं विकली त्यांनी. आणि पाणी कुठे आलं? मुरलेलं पाणी उताराने खाली येतं. ते आलं ओढ्याकाठी, म्हणजे आमच्या विहिरीत.

मला अजून आठवतंय, पहिल्या वर्षी मे महिन्यात विहिरीला पाणी होतं म्हणून आजीने पेढे वाटले होते. वरच्या वस्तीवरही पाठवले होते! त्यांनी ते घेतले, गोड मानून खाल्लेही. आम्ही दुसऱ्या वर्षी कांदा वाढवला, चौथ्या वर्षी ऊस आणला. मग विहिरीचं पाणी पुरेना म्हणून एक बोअर, मग दुसरी. २०१६च्या उन्हाळ्यात वरच्या वस्तीवर फेब्रुवारीत टँकर आला आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये. तेव्हा आम्ही म्हणालो, पाऊसच नाही तर काय करणार!

पाऊस कमी होता हे खरंच आहे. पण थोडी आकडेमोड करू. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. आमच्याकडे वर्षाला ४०० मिलिमीटर धरा, म्हणजे हेक्टरी ४० लाख लिटर. पाटाने भिजवलेल्या उसाला सुमारे २,००० मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. थोडक्यात, एक हेक्टर ऊस पाच हेक्टरांवरचा सगळा पाऊस पितो. तोही एक थेंब वाहून न जाता, एक थेंब वाफ न होता अडवला तर. ती बाकीची चार हेक्टरं कुणाची, हा प्रश्न आमच्या समितीत कधी निघालाच नाही. निघणार कसा? समितीत बहुतेक सगळे ओढ्याकाठचेच होते.

आबा लबाड नव्हते. एक रुपया खाल्ला नाही त्यांनी, उलट पदरचं डिझेल घातलं. म्हणूनच हे लिहायला जड जातंय. ज्यांना फायदा होणार तेच समितीत असले की अन्यायासाठी कुणी लबाड असावंच लागत नाही.

ह्यावर काही मित्र म्हणतील, मग जमीनवाल्यांना दूरच ठेवा. मला ते पटत नाही. वर सांगितलेला पावसातला फेरफटका दुसरं कुणी मारणार नाही. प्रश्न त्यांना हाताला काय बांधून बसवायचं, एवढाच आहे. आणि ह्याची उत्तरं आपल्याच महाराष्ट्रात सापडली आहेत.

१९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक पुरंदर तालुक्यातल्या नायगावात गेले. देवस्थानाची सुमारे ४० एकर माळजमीन कराराने घेतली आणि आधी स्वतः त्यावर पाणी अडवून दाखवलं. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचले की चपापायला होतं. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्ध्या एकराला, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांना. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकता येत नाही. साळुंखे २००२ साली गेले. पाणी पंचायत फार ठिकाणी पसरली नाही, ह्याचं कारणही बहुधा त्या नियमांतच असावं. पाणी अडवायला सगळे तयार असतात. वाटायची वेळ आली की गाडी अडते.

दुसरं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, हिवरे बाजार. पोपटराव पवार गावातलेच, शिकून परत आलेले, नव्वदच्या सुमारास सरपंच झाले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पाहुणे तिथे जाऊन बंधाऱ्यांचे फोटो काढतात. पण तसे बंधारे आता शेकडो गावांत आहेत. तिथे वेगळं आहे ते हे की शेतीसाठी बोअर मारायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, मोकाट चराई नाही. आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा. किती पडलं, किती मुरलं, पिण्याला किती राखायचं, आणि मग रब्बीला काय पेरायचं. ज्या वर्षी पाणी कमी त्या वर्षी पीक कमी. हा नियम सरपंचालाही आणि मोठ्या बागायतदारालाही. म्हणून तो टिकला.

कागदावर आपल्याकडेही सगळं आहे. केंद्राच्या २००८च्या मार्गदर्शक सूचनांत पाणलोट समितीत निम्मे सदस्य बचत गट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि भूमिहीन ह्यांतून घ्यावेत असं म्हटलं होतं. राज्याच्या भूजल कायद्यात खोल बोअरवर बंधन आहे. पण कागदावरच्या महिलेची सही घरी नेऊन आणतात, आणि बोअरची गाडी रात्री येते. आमच्या घरी कशी आली ते मी पाहिलंय, दुसऱ्यांचं कशाला सांगू.

तर दादा, तू विचारलंस म्हणून सांगते. तू समितीवर जरूर जा. आबांसारखा शिवार माहीत असलेला तुझ्याइतका दुसरा कुणी नाही, हे मी मनापासून म्हणतेय. पण अध्यक्ष वरच्या वस्तीवरचा होऊ दे. त्यांच्या रानातून काम सुरू होणार, तर पहिली सहीही त्यांची असावी. तू उपाध्यक्ष हो, हिशेब सांभाळ, पावसात फिर.

दुसरं, ग्रामसभेच्या आधी आपली दुसरी बोअर बंद करू. ग्रामसभेनंतर नको, आधीच. नाहीतर बोअरबंदीचा ठराव तू कोणत्या तोंडाने मांडणार? ऊस ह्या वर्षीचा तुटला की खोडवा ठेवायचा नाही. नुकसान होईल, मला कळतंय. त्या उसाचे पैसे माझ्याही वाट्याला येतात आणि दर वर्षी मी ते घेतले आहेत, एकदाही "नको" म्हटलेलं नाही. तेव्हा पुण्यात बसून फुकटचा शहाणपणा नको म्हणून हेही इथेच, सगळ्यांसमोर लिहिते. ऊस गेल्यावर जी तूट येईल ती आधी माझ्या वाट्यातून कापा. पुढची तीन वर्षं मला काहीच नाही पाठवलं तरी चालेल.

तिसरं, दसऱ्यानंतर पाण्याचा ताळेबंद चावडीवर मोठ्याने वाचायचा. कुणाच्या विहिरीत किती हात पाणी आहे तेही वाचायचं, आणि पहिलं नाव आपलं घ्यायचं.

हे सगळं काल रात्री दादाला फोनवर थोडक्यात सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बोअर बंद केली आणि बाकीच्यांनी नाही केली तर?"

ह्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. तसं होऊही शकतं. एवढंच म्हटलं की कुणीतरी पहिलं असतंच, आणि आबा असते तर त्यांनी पावसात जाऊन बघितलं असतं तसंच ह्यातही आधी स्वतः उतरून बघितलं असतं.

"आबांनीच पहिली बोअर मारली होती," दादा म्हणाला.

खरंय. ते मी विसरले होते, किंवा सोयीस्करपणे विसरले होते. तरीही मत बदललेलं नाही. उलट ज्याने मारली त्याच्याच घराने ती बंद करावी, हे जास्त बरोबर वाटतंय.

असो. दिवाळीला सगळे गावी जमणारच आहोत, तेव्हा ओसरीवर बसून रीतसर भांडू. वहिनी, चकल्या जास्त करून ठेवा, विषय लांबणार आहे. आणि तुमच्यापैकी कुणाच्या गावात अशी समिती असेल तर जरूर सांगा, तुमच्याकडे खुर्चीवर कोण बसतं? माथ्यावरचा की पायथ्याचा?