मागालुफची प्रतिमा आणि मागालुफचा धंदा

मागालुफ हे स्पेनच्या मायोर्का बेटावरचे समुद्रकाठचे गाव राजधानी पाल्माच्या पश्चिमेला सुमारे १५ किलोमीटरवर आहे. त्याचा कारभार काल्विया नगरपालिका पाहते. १९६० च्या दशकात चार्टर विमाने आणि पॅकेज टूर वाढल्या, येथे हॉटेले उभी राहिली आणि ब्रिटनमधल्या कामगार कुटुंबांना परदेशातली सुट्टी पहिल्यांदाच परवडू लागली. पुढे याच गावातला पुंता बायेना हा छोटासा रस्ता दारू आणि धिंगाण्यासाठी गाजला. १९८८ मध्ये ‘बीसीएम’ हा अवाढव्य नाइटक्लब सुरू झाला. ब्रिटनमध्ये तर गावाच्या नावाचे एक अश्लील विडंबनच रूढ झाले. २०१४ मध्ये एका तरुणीकडून दारूच्या आमिषाने करवून घेतलेल्या लैंगिक कृत्यांची चित्रफीत जगभर पसरली आणि गावाची उरलीसुरली अब्रूही गेली. मागालुफला कौटुंबिक पर्यटनाचे गाव करण्याचे प्रयत्न त्याआधीच सुरू झाले होते; या प्रकरणानंतर त्यांना निकड आली.

कायापालटाच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे थोडक्यात असे आहे. गाव बिघडले ते स्वस्तातल्या गिऱ्हाइकामुळे. हॉटेलांचा दर्जा वाढवा, खोल्यांचे भाडे वाढवा. उपद्रवी पाहुणा आपोआप गळेल आणि त्याच्या जागी मुलाबाळांसह येणारा, चार पैसे खर्च करणारा पाहुणा येईल. १९५६ मध्ये पाल्मातच स्थापन झालेल्या मेलिया या हॉटेल कंपनीने २०१० नंतर याच मार्गाने मोठी गुंतवणूक केली. किनाऱ्यालगतची जुनी हॉटेले नव्याने सजली, एका ठिकाणी दोन इमारतींच्या मध्ये उंचावर काचेच्या तळाचा पोहण्याचा तलाव आला. किनारा देखणा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण या युक्तिवादाचा पायाच चुकीचा आहे. कुटुंबांनी मागालुफ कधी सोडलेच नव्हते. गावात अमेरिकी काउबॉयांच्या वस्तीच्या थाटातले वॉटर पार्क होते आणि २००७ मध्ये उलट्या घराच्या आकाराचे एक मनोरंजन केंद्रही सुरू झाले. हे सारे मुलांसाठीच होते. सकाळी वाळूत बादल्या-फावडी घेऊन बसलेली मुले आणि पहाटे त्याच किनाऱ्यालगत लडखडत परतणारे तरुण असे दोन्ही मागालुफ वर्षानुवर्षे एकत्र नांदत आले आहेत. भाडे वाढले की यातले आधी कोण गळते? चार मित्र एका खोलीत राहतात, भाडे वाटून घेतात आणि चार रात्रींत परततात. वाढलेले दर त्यांना झेपतात. तीन मुलांना घेऊन शाळेच्या सुट्टीतला आठवडा काढू पाहणाऱ्या लिव्हरपूलच्या बस ड्रायव्हरला ते झेपत नाहीत. दरवाढीची चाळणी नेमकी उलटी चालते. ज्या कुटुंबांच्या जिवावर हे गाव उभे राहिले, त्यांनाच बाहेर काढून गाव ‘कौटुंबिक’ झाल्याचे सांगणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे.

दुसरे म्हणणे अधिक सोपे आणि म्हणूनच अधिक पसरलेले आहे: दोष पाहुण्यांच्या स्वभावात आहे, ब्रिटिश तरुण घराबाहेर पडला की ताळतंत्र सोडतो. बाल्कनीतून पडून झालेल्या मृत्यूंची चर्चाही बहुधा याच सुरात होते. या अपघातांना स्पेनमध्ये ‘बाल्कनिंग’ असे स्वतंत्र नावच पडले आहे. एका बाल्कनीतून दुसरीत जाण्याच्या किंवा वरून तलावात उडी मारण्याच्या नादात तरुण खाली पडतात. पाल्मातील रुग्णालयात येणाऱ्या अशा जखमींत बहुसंख्य तरुण पुरुष असतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात दारू असते. पण ती दारू पोटात कशी गेली, हा प्रश्न स्वभावाच्या चर्चेत हरवतो.

त्याचे उत्तर रस्त्यावरच मिळते. २०२० पर्यंत हंगामात पुंता बायेनावर बारच्या दाराशी तिकीटविके उभे असत. त्यातले कित्येक स्वतःच उन्हाळ्यापुरते आलेले विशी-बाविशीचे ब्रिटिश तरुण असत आणि त्यांची कमाई मुख्यतः कमिशनवर चाले. ‘पब क्रॉल’चे तिकीट घेतले की मनगटावर पट्टी चढे. मग घोळका एका बारमधून दुसऱ्या बारमध्ये नेला जाई आणि प्रत्येक ठिकाणी ठरावीक वेळेत वाटेल तेवढी दारू मिळे. वेळ संपण्याआधी जितकी ढोसता येईल तितकी ढोसायची, ही या तिकिटाची रचनाच होती. घरी असताना याच तरुणाला प्रत्येक ग्लासाचे पैसे मोजावे लागतात, म्हणून तो ग्लास मोजतो. माणूस तोच असतो. विक्रीची पद्धत बदललेली असते. एखाद्या आईला मुलाचे शव विमानाने घरी न्यावे लागते तेव्हा त्याच्या राष्ट्रीय स्वभावाकडे बोट दाखवणे हे विश्लेषण म्हणून अपुरे आहे आणि माणुसकी म्हणूनही.

आणखी एक पट्टी आहे, तिची चर्चा फारच कमी होते. ती ऑल-इन्क्लुसिव्ह हॉटेलांची. टूर कंपनी हंगामाआधीच शेकडो खोल्या घाऊक दराने उचलते. राहणे, खाणे, पिणे एकाच किमतीत बांधले जाते. मुले घेऊन येणाऱ्यांना हा हिशेब सोयीचा वाटतो, कारण आइस्क्रीमपासून जेवणापर्यंत सगळे आधीच चुकते झालेले असते. पण खिशातले पैसे हॉटेलच्या फाटकाबाहेर येत नाहीत. रस्त्यावरच्या खानावळीत पाएया खायला, संध्याकाळी चौकात कॉफी प्यायला कोणी फिरकत नाही. गल्ला रिकामा राहिला की खानावळ बंद पडते आणि त्या गाळ्यात चालू शकणारा धंदा एकच उरतो: हॉटेलात जे मिळत नाही ते, म्हणजे मध्यरात्रीनंतरची धुंदी, शक्य तितक्या स्वस्तात विकणे. कौटुंबिक म्हणून जाहिरात होणारे हॉटेल आणि बदनाम रस्ता ही एकाच व्यवहाराची दोन टोके आहेत. पहिल्याला उपाय आणि दुसऱ्याला रोग समजणारे धोरण चुकले ते इथेच.

तिसरा मार्ग कायद्याचा. जानेवारी २०२० मध्ये मायोर्का ज्या द्वीपसमूहात आहे त्या बॅलिआरिक बेटांच्या सरकारने मागालुफ, पाल्माचा किनारा आणि इबिथा बेटावरील सांत अंतोनी येथील ठरावीक भागांसाठी वटहुकूम काढला. पब क्रॉल, ‘हॅपी अवर’ आणि एका किमतीत अमर्याद दारू यांवर बंदी आली, रात्री साडेनऊनंतर दुकानांतून दारू विकणे थांबले, बाल्कनीतून उड्या मारणाऱ्यांना हॉटेलबाहेर काढण्याची आणि दंडाची तरतूद झाली. या भागांतल्या ऑल-इन्क्लुसिव्ह हॉटेलांत दिवसाला मद्याची सहाच पेये, तीही जेवणाबरोबर, अशी मर्यादा घातली गेली. मे २०२४ मध्ये नियम आणखी कडक झाले. रस्त्यावर दारू पिणाऱ्याला ५०० ते १,५०० युरो दंड ठरला. गोव्यानेही २०१९ मध्ये किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिण्यासाठी माणशी २,००० आणि गटाला १०,००० रुपये दंडाची तरतूद केली होती. कळंगुट-बागा परिसरात फिरलेल्या मराठी वाचकाला दंडाची पाटी आणि प्रत्यक्ष किनारा यांतले अंतर वेगळे सांगायला नको.

बॅलिआरिक वटहुकमाचा चांगला भाग म्हणजे त्याने विक्रीच्या पद्धतीला हात घातला. म्हणून तो निरुपयोगी ठरवणे बरोबर नाही. पण बंदीने धंद्याचे एक अंग कापले जाते, दुसरे उगवत नाही. बार तेवढेच, भाडी तेवढीच, हंगाम मे ते ऑक्टोबर एवढाच. मालकाला त्याच सहा महिन्यांत वर्षभराची कमाई करायची असेल तर तो नियमातली फट शोधणारच.

बारमालकांचा प्रतिवादही तपासला पाहिजे. ते म्हणतात, रात्रीचा धंदा गेला तर गाव मरेल, आणि पुरावा म्हणून लास व्हेगासकडे बोट दाखवतात. १९९० च्या दशकात व्हेगासने मुलांना डोळ्यांपुढे ठेवून किल्ल्याच्या आकाराची आणि चाच्यांच्या लढाया दाखवणारी हॉटेले उभारली. एमजीएम ग्रँडने १९९३ मध्ये हॉटेलामागे मनोरंजन उद्यान उघडले आणि काही वर्षांतच ते गुंडाळले. २००३ मध्ये तर शहराने ‘इथे घडेल ते इथेच राहील’ अशा अर्थाची जाहिरात करून पुन्हा प्रौढांची वाट धरली. दाखला खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. व्हेगासचा प्रयोग फसला, कारण तिथल्या हॉटेलांचे उत्पन्न जुगारावर उभे होते आणि २१ वर्षांखालच्याला जुगार खेळायची परवानगीच नव्हती. मूल तिथे खोली अडवत होते, गल्ला भरत नव्हते. मागालुफचा मुख्य ठेवा समुद्र आहे. तो मुलांनाही तितकाच खुला आहे. गाव मरण्याची भीती खरी असेल तर ती दुसऱ्याच कारणाने: सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही ब्रिटिश टूर कंपनी बुडाली तेव्हा मायोर्कातल्या हॉटेलांची देणी थकली आणि गोव्याला येणारी तिची चार्टर विमानेही थांबली. परक्या कंपनीच्या घाऊक खरेदीवर अख्खे गाव टांगून ठेवणे हा नाइटक्लब बंद करण्यापेक्षा मोठा धोका आहे.

मग करायचे काय? काल्वियाकडे स्वतःचाच एक चांगला धडा आहे. १९९० च्या दशकात याच नगरपालिकेने स्थानिक पर्यावरण आराखडा आखून किनाऱ्यावरची काही कालबाह्य हॉटेले विकत घेतली आणि पाडली. मोकळ्या जागी चालायला वाट आणि झाडे आली. पैसे मोजून क्षमता कमी करता येते, हे तेव्हा सिद्ध झाले. तोच न्याय पुंता बायेनाच्या परवान्यांना लावता येईल: परवाना सरळ विकत घ्यायचा, रद्द करायचा आणि त्या गाळ्यात दिवसा चालणाऱ्या धंद्याला सवलतीच्या भाड्याने जागा द्यायची. ऑल-इन्क्लुसिव्ह खोल्यांच्या संख्येलाही कमाल मर्यादा घालावी लागेल. पेयांची मोजणी करून हा प्रश्न सुटत नाही. पाहुण्याला संध्याकाळी रस्त्यावर जेवायला आणणे हेच त्याचे उत्तर आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट घरांची आहे. काल्वियात सुमारे ५० हजार माणसे राहतात. खोल्या साफ करणाऱ्या बाया, वेटर, बसचालक, परिचारिका यांच्या मुलांचे हे गाव आहे. २०२३ मध्ये सुमारे १२ लाख लोकवस्तीच्या बॅलिआरिक बेटांवर पावणेदोन कोटींहून अधिक पर्यटक आले. घरभाडी इतकी चढली की नोकरी करणारी माणसे बेटावर कॅरॅव्हॅनमध्ये राहू लागली. २०२४ च्या मे आणि जुलै महिन्यांत पाल्माच्या रस्त्यांवर हजारो रहिवासी निषेधासाठी उतरले, ते मुख्यतः याच कारणाने. बाहेरच्या मुलांसाठी तलाव बांधताना इथल्या मुलांना घर मिळत नसेल तर त्या गावाला कौटुंबिक म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. २०१६ पासून पर्यटकांकडून मुक्कामाचा कर घेतला जातो, १६ वर्षांखालच्यांना त्यातून सूट आहे आणि त्या पैशातून भाड्याची सामाजिक घरे उभारण्याची तरतूद कायद्यातच आहे. काल्वियाने त्यातला मोठा वाटा हक्काने मागावा आणि रिकाम्या होणाऱ्या जुन्या हॉटेलांचे कामगारांच्या घरांत रूपांतर करावे. कामगार वर्षभर गावात राहिला तर दुकान जानेवारीतही उघडे राहते, आणि दुकान वर्षभर चालले तर उन्हाळ्यातल्या सहा महिन्यांच्या दारूवर त्याचे पोट राहत नाही.

या कायापालटाचे मोजमापही त्याच हिशेबाने झाले पाहिजे. चार-पाच ताऱ्यांच्या खोल्या किती वाढल्या, हा आकडा हॉटेल कंपन्यांच्या कामाचा आहे. नगरपालिकेने दरवर्षी जाहीर करावेत ते आकडे वेगळे: गावात वर्षभर भाड्याने मिळणारी घरे किती, जानेवारीत उघडी असलेली दुकाने किती, शाळेच्या पटावरची मुले किती, आणि पुंता बायेनावरचे परवाने किती कमी झाले.