थंडीत ट्रॅक्टर सुरू होईना म्हणून सेल्फला शॉर्ट मारू नका



निफाड तालुक्यात थंडी पडली की दोनच गोष्टींवर बोलणं चालतं. पारा किती उतरला आणि द्राक्षाच्या मण्यांना तडे जाणार का. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा आकडा पेपरात येतो. ५-६ अंश आपल्याला नवीन नाही, काही हिवाळ्यांत त्याच्याही खाली गेलेलं आपण बघितलं आहे. पण त्याच पहाटे शेडमध्ये उभा असलेला बागेतला छोटा ट्रॅक्टर कसा सुरू करायचा, यावर कोणी लिहीत नाही. म्हणून ही पोस्ट. थोडी मोठी आहे, पण सवडीनं पूर्ण वाचा.

माझं म्हणणं सरळ आहे. थंडीत ट्रॅक्टर सुरू होत नाही याला थंडी थोडी आणि आपण जास्त जबाबदार आहोत. आणि तो सुरू करायला आपण जे जुगाड करतो, त्यातला एक जुगाड माणूस मारतो. तो म्हणजे खाली उभं राहून, पान्यानं नाहीतर स्क्रू ड्रायव्हरनं सेल्फच्या दोन टोकांना शॉर्ट मारून ट्रॅक्टर सुरू करणं. हे बंद झालं पाहिजे.

आधी हे समजून घेऊ की थंडीत होतं काय. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखी ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, साधारण सोळा ते बावीस पट. दाबलेली हवा तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडतो आणि पेट घेतो. म्हणजे सगळा खेळ त्या उष्णतेचा. पहाटे आत येणारी हवाच गार, सिलेंडरची भिंत गार, तेल घट्ट. सेल्फ हळू फिरला की दाबलेली हवा रिंगांतून निसटायला वेळ मिळतो आणि जी काही उष्णता तयार होते ती लोखंड पिऊन टाकतं. छोट्या इंजिनात हे जास्त होतं, कारण आतली हवा थोडी आणि तिला लागून असलेलं लोखंड त्या मानानं जास्त. म्हणून ५० एचपीचा मोठा ट्रॅक्टर दुसऱ्या सेल्फला उठतो आणि १५-२० एचपीचा कुंथत बसतो.

आता त्या शॉर्ट मारण्याबद्दल. आजकालच्या बऱ्याच ट्रॅक्टरांना क्लचवर नाहीतर गिअरवर सेफ्टी स्विच असतो. क्लच दाबल्याशिवाय किंवा गिअर न्यूट्रल असल्याशिवाय चावीनं सेल्फ लागत नाही. सेल्फच्या टोकांना थेट शॉर्ट मारला की हा स्विच मधून गेलाच. रात्री पोरानं किंवा गड्यानं ट्रॅक्टर गिअरमध्ये लावून ठेवलेला असेल, तर इंजिन उठताक्षणी ट्रॅक्टर चालायला लागतो. आणि शॉर्ट मारणारा उभा कुठं असतो? मागच्या मोठ्या चाकाच्या पुढं, बोनेटला चिकटून.

काही जण म्हणतात, गिअरमध्ये असला तर झटका मारून बंद पडेल, मोटारसायकलसारखा. नाही पडत. डिझेल पंपाला गव्हर्नर असतो. भार आला की तो आपणहून डिझेल वाढवतो. त्यात पहिला-दुसरा गिअर असला की ट्रॅक्टर माणसावरून जातो, भिंत आली तर भिंतीला भिडतो, पण बंद पडायची खात्री नाही. आणि ज्या ट्रॅक्टरला ओढून बंद करायचं बटण आहे, त्यात चावी काढली तरी इंजिन चालूच राहतं. खाली पडलेल्या माणसाचा हात त्या बटणापर्यंत पोचत नाही.

याला खतपाणी घालणारे आपले मिस्त्रीही आहेत. स्विच खराब झाला की पार्ट मागवायचं सोडून म्हणतात, "डायरेक्ट करून देतो, काही होत नाही." आपणही पैसे वाचले म्हणून खूश. त्यांना सांगा, स्विचच टाक, डायरेक्ट नको.

बाकीचे जुगाडही काही साधे नाहीत. पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायचा, इथरचा स्प्रे मारायचा. ज्या इंजिनला हीटर प्लग आहेत त्यात प्लग तापलेला असताना स्प्रे आत गेला तर तो नको त्या वेळी पेटतो. रिंग तुटते, पिस्टन जातो, तोंडावर भडका येतो ते वेगळंच. उकळतं पाणी गार इंजिनवर ओतलं तर ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आणि दार लावलेल्या शेडमध्ये "गरम होऊ दे" म्हणून इंजिन चालू ठेवायचं नाही. धूर दिसो न दिसो, तो विषारीच.

मग करायचं काय? पहिल्यांदा ट्रॅक्टर काय सांगतोय ते ऐका. तीन खुणा आहेत.

एक. सेल्फ हळू फिरतो, घुर्र घुर्र करतो. दुखणं बॅटरीत, वायरीत, नाहीतर घट्ट तेलात.

दोन. सेल्फ जोरात फिरतो, पण सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही. डिझेल पोचतच नाही. बंद करायचं बटण ओढलेलं राहिलंय का बघा, मग फिल्टर, मग एअर.

तीन. सेल्फ जोरात फिरतो, पांढरा धूर येतो, पण इंजिन धरत नाही. डिझेल पोचतंय पण पेटायला उष्णता कमी पडतेय. हीटर प्लग असतील तर ते तपासा. असा त्रास दुपारच्या उन्हातही होत असेल, तर नोझल किंवा कॉम्प्रेशनचं काम निघालंय. थंडीला बोल लावू नका.

बॅटरीचं बघू. शून्य अंशाच्या जवळ बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्श्यानं कमी होते, आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. दोनतीनशे रुपयांचा मीटर घरात ठेवा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची बॅटरी सकाळी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली. १२.४ चालेल. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी थकली. पण बॅटरी बदलायच्या आधी टोकं बघा. पांढरा-हिरवा बुरा चढलेला असतो. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, घासा, घट्ट करा, वरून व्हॅसलीन लावा. बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर कोणी बघत नाही, ती पण उघडून घासा. निम्मे ट्रॅक्टर एवढ्यावरच सुधारतात. चार्जिंगला लावली तर मोकळ्या हवेत लावा आणि जवळ बिडी पेटवू नका, बॅटरीतून निघणारा वायू पेट घेतो.

डिझेलमधली एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १४६० मानकात डिझेलचे हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे निकष वेगळे आहेत. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर चोंदायला लागतो, त्या तापमानाची मर्यादा नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी ६ अंश आहे आणि बाकीच्या महिन्यांसाठी १८ अंश. म्हणजे सप्टेंबरात ड्रममध्ये भरून ठेवलेलं डिझेल जानेवारीच्या पहाटे साथ देईलच असं नाही. जुनं डिझेल दिवाळीआधी वापरून टाका आणि थंडीत ताजं आणा. त्यात रॉकेल घालू नका, पंप आणि नोझलला डिझेलचंच वंगण असतं.

संध्याकाळी काम संपलं की टाकी भरून ठेवा. अर्धी टाकी रिकामी राहिली की रात्री आतल्या हवेतला ओलावा पत्र्यावर जमतो आणि पाणी होऊन तळाला बसतं. फिल्टरखालच्या वाटीचा नट आठवड्यातून एकदा ढिला करून ते पाणी सोडा. फिल्टर उघडला की एअर काढायला विसरू नका.

तेलाच्या डब्यावर २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० लिहिलेलं असतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा लहान तेवढं तेल गारठ्यात पातळ राहतं. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० चालतं असं लिहिलं असेल तर हिवाळ्याआधीच्या सर्व्हिसला तेच टाका. पुस्तक हरवलं असेल तर डीलरकडून मागून घ्या.

अजून एक वाईट खोड. उन्हाळ्यात इंजिन गरम होतं म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट वॉल काढून फेकून देतो. हा वॉल इंजिन गार असताना रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तो काढला की थंडीत इंजिन अर्धा तास चाललं तरी गारच. डिझेल अर्धवट जळतं, तेलात उतरतं, लायनर-रिंग झिजतात, डिझेलही जास्त पितो. इंजिन गरम होत असेल तर रेडिएटरची जाळी धुवा, बेल्ट बघा, कूलंट टाका. वॉल आहे तिथंच राहू द्या.

सुरू करायची पद्धत. सीटवर बसा. हँडब्रेक, गिअर न्यूट्रल, ब्लोअरचा पीटीओ बंद, हायड्रॉलिक खाली. हीटर प्लग असतील तर पुस्तकात दिलेल्या वेळेइतके तापवा. क्लच पूर्ण दाबा. हा फक्त सेफ्टीसाठी नाही, क्लच दाबला की गिअरबॉक्सच्या घट्ट तेलाचं ओझं सेल्फवर येत नाही. अर्धा रेस देऊन सेल्फ मारा, दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाही उठला तर मिनिटभर थांबा. तीनदा करून उठला नाही तर चौथ्यांदा मारू नका, वरच्या तीन खुणा बघा. उठला की रेस कमी करून तीन-चार मिनिटं सावकाश चालू द्या. लगेच ब्लोअर जोडून पूर्ण रेस दिली की गार तेल वरपर्यंत पोचायच्या आधीच इंजिन घासतं.

आता कोणी म्हणेल, ढग आलेत, पाऊस येऊन गेलाय, डाऊनीची भीती आहे, पहाटे पाचला फवारा काढायचाय, तेव्हा हे सगळं कुठं करत बसू? बरोबर आहे, तेव्हा नाहीच होणार. म्हणूनच हे काम दिवाळीच्या आसपास आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटांत करायचं आहे. पहाटेच्या घाईत जो हात स्क्रू ड्रायव्हरकडं जातो, तो आदल्या संध्याकाळच्या आळसामुळं जातो. आणि पुष्कळदा तो हात मालकाचा नसतो. रोजंदारीवरच्या गड्याचा नाहीतर बारावीतल्या पोराचा असतो. आपण करतो ते बघून ते शिकलेले असतात.

कृषी खात्यातले, कृषी विज्ञान केंद्रातले आणि कंपन्यांचे जे साहेब ही पोस्ट वाचत असतील, त्यांना एक विनंती. थंडीच्या तोंडावर द्राक्षाची चर्चासत्रं होतात. कोणतं औषध, किती मिली, कितव्या दिवशी, सगळं सांगितलं जातं. ते औषध बागेत नेणाऱ्या ट्रॅक्टरवर अर्धा तास ठेवा. एक चांगला मिस्त्री बोलवा, बॅटरी आणि सेफ्टी स्विच समोर उघडून दाखवा. पोरं स्लाइडपेक्षा ते जास्त लक्षात ठेवतील.

आणि तुम्ही मंडळी, उद्या एवढं करा. ट्रॅक्टर सपाट मोकळ्या जागेवर, पुढंमागं कोणी नाही, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद. सीटवर बसून क्लच न दाबता चावी फिरवा. तुमच्या ट्रॅक्टरला कंपनीतून क्लचचा स्विच आलेला असेल आणि तरीही सेल्फ फिरला, तर कोणीतरी तो डायरेक्ट केलेला आहे. पहिलं काम तो बसवून घ्यायचं. किती जणांचा फिरला ते खाली लिहा, मिस्त्रीचं नाव नको.