साहेबी गाडी आणि बाईची सही

परवा रात्री चिखलीच्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, यांनी गाडी बघितलीय. बीएमडब्ल्यू! दिल्लीची आहे, २०१३ची, डिझेल. नवी चाळीस लाखांच्या घरातली, आपल्याला नऊ लाखांत मिळतेय. माझी पोत आणि पाटल्या ठेवून सोनेतारण काढू म्हणतात. गाडी माझ्या नावावर घेणार आहेत!" आवाजात आनंद होता आणि धाकधूकही.

मैत्रिणींनो, साहेबी गाडीची हौस वाईट नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, लोकांनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज एकदम घेतल्या होत्या. सौदा ६५ कोटींचा. तेव्हा आपणही कौतुकाने बातमी वाचली होती. पण त्या नव्या होत्या. जुनी गाडी घेताना पहिला मालक गाडीची हौस विकतो आणि खर्च आपल्या गळ्यात घालतो.

मुळात दिल्लीची गाडी एवढी स्वस्त का? राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. पुढे न्यायालयात त्यात बदल होत गेले, पण तोवर कितीतरी गाड्या मिळेल त्या भावाने बाहेरच्या राज्यांत गेल्या. त्यात गैर काही नाही. मात्र तिथल्या आरटीओची एनओसी हवी, मग बुलडाण्याच्या आरटीओत एमएच २८ची नोंदणी, आणि महाराष्ट्राचा कर वेगळा. हा आकडा नऊ लाखांत धरलाय का, हे मैत्रिणीच्या यजमानांनी विचारलंच नव्हतं. शिवाय नोंदणीची १५ वर्षं मूळ तारखेपासून मोजतात. म्हणजे हिची २०२८ला संपणार.

आता गाडीकडे वळू. किलोमीटरचा काटा मागे फिरवता येतो, त्यावर जाऊ नका. चासी नंबर देऊन कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास काढायला सांगा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, सहा-सात वर्षांचा टायर समृद्धीवर १२०च्या वेगाने पळवायचा नाही. यातल्या बऱ्याच गाड्यांना स्टेपनीच नसते, पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे महागडे टायर असतात. ते चिखलीच्या पंक्चरवाल्याकडे मिळायचे नाहीत.

आणि गाडी गावातल्या सपाट रस्त्यावर चालवून 'छान आहे' म्हणू नका. राजूर घाट कशासाठी आहे? इंजिन थंड असताना सुरू करा, पहिल्या काही सेकंदांत साखळी खडखडल्यासारखा आवाज येतो का ऐका. त्या काळातल्या बीएमडब्ल्यूच्या काही डिझेल इंजिनांत टायमिंग चेनचं दुखणं होतं, आणि ती चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने दुरुस्तीला इंजिनच उतरवावं लागायचं. घाटात ऑटोमॅटिक गिअर झटके देतोय का, तेही कळेल. कंपनीचं वर्कशॉप जिल्ह्यात नाही, संभाजीनगर नाहीतर नागपूर गाठायचं. टोइंगचं भाडं आधीच विचारून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कागदांची, कारण सही आपली असते. सरकारच्या परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की कर्जाचा बोजा, विमा, दंडाच्या पावत्या दिसतात. बोजा असेल तर बँकेचं फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे काम झालं असं नाही. नाव बदललेलं आरसी हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. गाडी परत विकताना तर जास्तच. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. "वहिनींच्या नावावर राहू द्या, नंतर बघू" म्हणणारे एजंट अपघातानंतर फोन उचलत नाहीत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

मैत्रिणीला एवढंच म्हटलं, की सोनं ठेवायच्या आधी गाडी वर्कशॉपच्या लिफ्टवर चढव. ती स्वतः यजमानांबरोबर संभाजीनगरला गेली. खालून तेलगळती निघाली, पुढची सस्पेन्शन गेलेली. मेकॅनिकने दुरुस्तीचा अंदाज कागदावर लिहून दिला, दोन लाखांच्या वर. तो कागद तिने एजंटपुढे ठेवला, तर तो म्हणाला, "ताई, गाडी तुम्हाला चालवायची नाही ना, साहेबांना चालवायचीय."

यजमानांनी बयाणा परत मागितलाय.