शिंकांवर चिनी सुया?

सकाळी उठल्याबरोबर शिंकांवर शिंका, डोळ्यांना खाज, नाकाला धार. परागकणांच्या ॲलर्जीचा, म्हणजे 'हे फिव्हर'चा हा त्रास. ॲक्युपंक्चरने तो जातो का, असं वाचक भगिनी आम्हाला विचारतात.

जर्मनीत 422 रुग्णांवर याचा अभ्यास झाला. निष्कर्ष 2013 मध्ये छापून आले. 8 आठवड्यांत 12 वेळा सुया टोचून घेतलेल्यांना इतरांपेक्षा थोडा जास्त आराम पडला, गोळ्याही कमी लागल्या. 16 व्या आठवड्यात मात्र हा फरक उरला नव्हता. म्हणजे सुयांनी हंगाम थोडा सुसह्य होईल, ॲलर्जी मुळापासून जाईल असं नाही.

चिनी काढे-चूर्णांबाबत आम्ही जास्त सावध राहायला सांगू. त्यांतल्या 'मा हुआंग' या वनस्पतीत एफेड्रिन असतं. त्याने नाक मोकळं होतं, पण रक्तदाब आणि हृदयाचे ठोके वाढू शकतात. अमेरिकेने 2004 मध्ये एफेड्रिनयुक्त पूरक गोळ्यांवर बंदी घातली. अब्बांना बीपी असेल किंवा सून गरोदर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं चूर्ण देऊ नका.

सुया घ्यायच्याच तर प्रशिक्षित माणसाकडून, दर वेळी नव्या. दम्याचा पंप मात्र कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. छातीत घरघर सुरू झाली, तर आधी डॉक्टर गाठा.