फुटलेली काच आणि भरपाईचा हिशेब

महामार्गावर ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याने एखाद्या आलिशान मोटारीची समोरची काच फुटली, तर सर्वसामान्यांनी हळहळावे असे त्यात काही नाही. परंतु ज्या कलमांनी त्या मोटारीचा विमा चालतो, त्याच कलमांनी एखाद्या शिक्षकाच्या जुन्या मोटारीचाही चालतो. सर्वसमावेशक विम्यात काचेला घसारा लागत नाही, हे विमा विकणारा आवर्जून सांगतो. काचेभोवतीच्या रबराला निम्मा घसारा लागतो, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीमागे १००० आणि त्याहून मोठ्या मोटारीमागे २००० रुपये मालकाच्याच माथी पडतात, हे मात्र गॅरेजचे बिल हाती आल्यावर उमगते. खरी मेख पुढेच आहे. ओळीने पाच वर्षे दावा केला नाही, तर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. पुरवणी संरक्षण घेतलेले नसल्यास काचेच्या एका दाव्याने ती पुढील नूतनीकरणात शून्यावर येते! महागड्या मोटारीत काचेमागे कॅमेरा असतो, नव्या काचेबरोबर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. तेवढ्या खर्चापुढे सूट गेली तरी धनिकाला दावा परवडतो. लहान मोटारीच्या मालकाची गमावलेली सूट मात्र भरपाईहून मोठी ठरू शकते. हा सारा हिशेब दावा नोंदविण्यापूर्वीच, लेखी आणि मराठीत, विमेदारापुढे ठेवण्याचे बंधन विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांवर घालावे. इंग्रजी पत्रकातील बारीक टाइप वाचून तो मांडणे, हे काही विमेदाराचे काम नव्हे.