धुणार कोण?

परवा एका जुन्या मित्राचा फोन आला. त्याचा मुलगा येत्या महिन्यात दोन वर्षांचा होईल. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मनूसाठी तुम्ही त्या कापडी ट्रेनिंग पँट्स घेतल्या होत्या ना? कुठल्या चांगल्या? किती घेऊ?" मी विचारलं, "धुणार कोण?" तो जरा थांबला. मग म्हणाला, "म्हणजे? मशीन आहे की!"

वर्षभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. तेव्हा मी चक्क एक तक्ता केला होता. (हसू नका. कंप्युटरवर पोट भरणाऱ्या माणसाला घरात कुठलाही प्रश्न पडला की तो आधी एक्सेलची फाईल उघडतो.) थर किती, कापड कुठलं, इलॅस्टिक की बटणं, किंमत काय, लोकांनी तारे किती दिलेत... सगळे रकाने होते. धुणाऱ्याचा रकाना नव्हता.

ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रेनिंग पँट, म्हणजे आपल्याकडे जी पॅडेड चड्डी म्हणून विकतात ती, ही डायपर आणि साधी चड्डी यांच्या मधली पायरी. दिसायला चड्डीच, वर-खाली ओढता येते. पण मधल्या भागात सुती कापडाचे बरेच थर एकावर एक शिवलेले असतात आणि बहुतेकींना बाहेरून पाणी झिरपू न देणारं पातळ अस्तर असतं. एक शू कशीबशी मावते, दुसरी नाही. डायपर चढवून चार तास निश्चिंत, अशी सोय तिच्यात नाही, आणि नसावी हाच तिचा हेतू आहे.

कारण डायपर हे फार हुशार प्रकरण आहे. त्याच्या पोटात सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेट नावाची पांढरी पूड असते. ती पाणी शोषून त्याची जेली करते आणि बाळाची कातडी कोरडी राहते. पुरळ येत नाही, रात्री झोप लागते, प्रवास करता येतो. मी डायपरला नावं ठेवणाऱ्यांतला नाही. फक्त एक होतं, शू झाली हे मुलाला कळतच नाही. दोन वर्षं हजारो वेळा शू करूनही 'आता मला लागली' आणि 'आता मी ओली झाले' यांची गाठ त्याच्या डोक्यात पडलेली नसते. ती पडावी म्हणून ओलं लागू देणारं कापड हवं.

आता माझा पराक्रम ऐका. मी ज्या सहा पँट्स मागवल्या (एक साधारण ३०० रुपयांना, वर हत्ती, रॉकेटं आणि आंबे) त्यांना आतून एक खास 'कोरडं ठेवणारा' थर होता. मी तो गुण समजून जास्तीचे पैसे मोजले होते! मनू हत्तीवाली पँट घालून घरभर नाचली, शू केली आणि तशीच नाचत राहिली. तिच्या दृष्टीने तो रंगीत डायपरच होता. तेव्हा पहिलं मत हे, की शिकवण्यासाठी घेत असाल तर आतला थर साधा सुती बघा. पाकिटावर कोरडेपणाची हमी असेल तर ती पँट फार तर प्रवासासाठी.

ही एप्रिलच्या शेवटची गोष्ट. दिवसाला सात-आठ वेळा चड्डी बदलायला लागायची. आम्ही ओल्या चड्ड्या बाथरूमातल्या एका झाकणाच्या बादलीत टाकत होतो, आणि त्या बादलीचं पुढे काय होतं याचा मी विचार केलेला नव्हता. चौथ्या दिवशी कामाला येणाऱ्या मावशी ती बादली घेऊन हॉलच्या दारात उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "दादा, ही बादली मी करणार नाही. शी-शूचे कपडे आपल्या बोलण्यात नव्हते."

खरंच नव्हते. पैसे वाढवून विचारू का, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गिळलं. बायको ऑफिसात होती, मी घरून काम करत होतो. म्हणजे बादली माझी.

तिथेच उभ्या उभ्या मनात आलं, डायपरच बरा होता, गुंडाळला की संपलं. पण तेही कुठे संपतं? पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारावर कचरा न्यायला येतात, त्या हाताने तो निवडतात. डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून द्या, म्हणजे उघडून बघायची वेळ येणार नाही, असं आवाहन या संस्थेने केलं ते त्यासाठीच. २०१६च्या केंद्राच्या घनकचरा नियमांतही डायपर विकणाऱ्यांनी सोबत गुंडाळायला पिशवी द्यावी असं लिहिलेलं होतं. आमच्या पाकिटांत मला तशी पिशवी दिसल्याचं आठवत नाही, आणि लाल ठिपका मी स्वतः किती वेळा काढला असेल ते न विचारलेलं बरं. थोडक्यात, फेकायच्या वस्तूलाही कोणाचा तरी हात लागतोच. तो फक्त आपल्याला दिसत नाही.

असो. मी धुवायला लागलो आणि तीन दिवसांत माझ्या तक्त्याचे सगळे गुण उलटे झाले. जितके थर जास्त तितकी पँट भारी, असं मी धरलं होतं. धुणाऱ्याला विचाराल तर जितके थर जास्त तितका ताप जास्त. शी असेल तर आधी ती संडासात झटकायची, मग थंड पाण्याने खळबळायची, मग मशीन. साबण नेहमीपेक्षा थोडा कमीच, कारण थरांत साबण राहिला तर कापड शोषत नाही आणि वास धरतं. कपडे मऊ करणारं ते सुगंधी द्रव्य तर अजिबात नको, त्याचा तेलकट थर बसतो आणि पाणी वरून घरंगळतं. नव्या पँट्सही तीन-चार वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाहीत. (हे न कळल्यामुळे आमचा सोफा पहिल्याच दिवशी...) आणि वाळायचं बोलाल तर मे महिन्यात गॅलरीच्या उन्हात दुपारपर्यंत खडखडीत. जूनमध्ये पाऊस लागला आणि तीच पँट दोन दिवसांनीही मध्ये दमटच. सहा पँट्स, दिवसाला आठ बदल, वाळायला दोन दिवस. हे गणित एक्सेलशिवायही सुटतं.

मेच्या मध्यावर चिपळूणहून आई आली होती. तिने हत्तीवाली पँट हातात घेतली, बोटांनी दाबली, आणि म्हणाली, "अरे, गादीच आहे की ही! यात तिला कळायचं कसं?" दुसऱ्या दिवशी तुळशीबागेतून होजिअरीच्या साध्या चड्ड्या घेऊन आली, डझनभर. त्यातली एक घालून मनू गॅलरीत उभी होती आणि शू झाली. पायांवरून ओघळ खाली फरशीवर. ती दचकून खाली बघत राहिली, जणू हे दुसऱ्याच कोणी केलं. दोन दिवस असंच दचकणं चाललं. तिसऱ्या दिवशी ती मधेच थांबली, फ्रॉक वर धरला आणि म्हणाली, "बाबा, पाणी आलं." आलं म्हणजे येऊन गेलं होतं, पण सांगितलं तर! साध्या चड्डीने तीन दिवसांत ते केलं जे सहा महागड्या पँट्सना तीन आठवड्यांत जमलं नव्हतं.

यावर आईची टेप सुरू झाली. "तुझ्या वेळी कुठे होतं हे सगळं? तू वर्षाचा असताना सांगायचास." दोन पायांवर बसवायचं, शूऽऽ म्हणायचं, झालं. मला आधी ही फुशारकी वाटायची, पण ती नाही. डीव्हरीज या संशोधक दांपत्याने १९७७ साली पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या डिगो लोकांबद्दल लिहिलं आहे. तिथेही आई जमिनीवर पाय पसरून बसते, तान्ह्याला पायांत धरते आणि तसाच आवाज काढते, आणि पाच-सहा महिन्यांत ती मुलं बरीचशी कोरडी राहायला लागतात. उलट अमेरिकेत ब्रेझल्टन नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली १,१७० मुलांची पाहणी मांडली. मूल तयार दिसेपर्यंत थांबा, असा त्यांचा सल्ला, आणि त्या मुलांचं दिवसाचं शिक्षण सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना पुरं झालं होतं. दोन्ही खरंच. फरक एवढाच की आईच्या पद्धतीत शिकलेली असते आई. मूल काय इशारा करतं याच्यावर दिवसभर जिचा डोळा असतो, ती.

मी तिला विचारलं, "आणि माझे लंगोट कोण धुवायचं?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की प्रश्न मागे घ्यावासा वाटला. "कोण म्हणजे? मी." चिपळूणचा पाऊस, घरात शेगडी, निखाऱ्यांवर टोपली उपडी घातलेली आणि तिच्यावर लंगोट आणि दुपटी. करपू नयेत म्हणून सारखी उलटायची. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. मला मात्र तोपर्यंत त्या जुन्या दिवसांतली दोन पायांवरची बसकण तेवढी माहीत होती, टोपली माहीत नव्हती.

आता जे सांगणार आहे ते सांगायला जड जातं. मनूचा प्रवेश जूनमध्ये एका बालवाडीत घेतला होता. तिथे स्पष्ट सांगितलं होतं, डायपर सुटलेला हवा. तारीख जवळ यायला लागली तसा मी बिथरलो. मोबाईलवर दर अर्ध्या तासाचा गजर लावला. वाजला की मनूला उचलून पॉटीवर बसवायचं, झाल्याशिवाय उठू द्यायचं नाही. एकदा ओरडलो. शू ती सांगायला लागली होतीच, पण शी बंद झाली. पडद्यामागे जाऊन टाचा उंचावून, पाय आवळून, लालबुंद चेहऱ्याने उभी राहायची. मला वाटायचं ती शी करतेय. ती अडवत होती. चार दिवस. पाचव्या दिवशी झाली तेव्हा तिच्या किंकाळीने शेजारचे दार उघडून बाहेर आले.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. अडवली की शी कडक होते, कडक झाली की दुखते, दुखली की मूल पुन्हा अडवतं. आधी हे चक्र मोडायचं. त्यांनी शी मऊ होण्याचं औषध दिलं, पाणी आणि पपई वाढवायला सांगितलं, पॉटी काही दिवस नजरेआड करायला सांगितली आणि शीसाठी ती डायपर मागेल तर खुशाल द्यायला सांगितला. रागवायचं नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून. सगळं रुळावर यायला दोन महिने लागले. बालवाडी दिवाळीनंतर.

बालवाडीवर मी बरेच दिवस चिडून होतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलांची शाळा काढायची आणि त्यांच्या चड्ड्यांशी आमचा संबंध नाही म्हणायचं, हे काय? आजही मला ती अट चुकीची वाटते. पण दिवाळीनंतर पाहिलं, वर्गात वीसेक मुलं आणि बदलायला, पुसायला, धुवायला एकच ताई. अट ज्यांनी घातली त्यांनी तिच्यासाठी घातली असेल असं नाही. पण मनूची ओली चड्डी पिशवीत घालून तीच माझ्या हातात देते, आणि आता मी ती घेताना आधी तिच्याकडे बघतो.

तर मित्राला शेवटी काय सांगितलं? घरात घालायला साध्या सुती चड्ड्या, डझनभर तरी, एक माप मोठ्या, म्हणजे ओल्या हाताने पोराला स्वतः ओढता येतील. पॅडेड फक्त तीन, बाहेर जाताना, रिक्षात आणि दुसऱ्यांच्या सोफ्यावर. बटणांच्या नकोत, घाईच्या वेळी बटणं उघडत नाहीत. पॉटी गाणी म्हणणारी घेऊ नकोस, आमची मोटारीच्या आकाराची होती, मनूने तिच्यात बाहुल्या बसवल्या. बुटकी, साधी, आतलं भांडं निघणारी बघ. पाय जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, अधांतरी पायांनी जोर लावता येत नाही. कमोडवर बसवायचं तर पायाखाली स्टूल हवंच. आणि फरशी पुसायला चार जुनी फडकी. मुलगी असती तर हेही सांगितलं असतं की पुसताना पुढून मागे. मला ते बायकोने तिसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर मी उलटं करत होतो.

सगळं ऐकून तो म्हणाला, "आणि रात्री?" रात्रीचं शिकवून होत नाही रे. ते शरीर आपल्या वेळेने करतं, कित्येक मुलांना त्याला अजून काही वर्षं लागतात. मनू रात्री अजून डायपरच घालते. पाकीट संपत आलंय, आज येताना आणायला हवं.