गिझरचं उकळतं पाणी म्हणजे प्रासुक पाणी नव्हे



दशलक्षण पर्वात पहाटे बस्तीत अभिषेकाला निघायची घाई. सासूबाईंनी न्हाणीघरातला नळ सोडला आणि किंचाळल्या. नळातून पाण्याबरोबर वाफ येत होती. मी त्यांचा हात गार पाण्याच्या नळाखाली धरला, तर दोनच मिनिटांत त्यांनी नळ बंद केला. "पाणी वाया चाललंय की गं!" मी पुन्हा सोडला. भाजल्यावर वीस मिनिटं तरी वाहतं गार पाणी लागतं, आणि तेवढं पाणी वाया जात नाही.

ही गोष्ट महिला मंडळात सांगितली, तर एकजण म्हणाली, "बरंच की! आयतं प्रासुक पाणी मिळतंय." सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आलं नाही, कारण असं मनापासून मानणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

आधी धर्माचं बघू. प्रासुक करायचं पाणी आपण आधी दुहेरी कापडातून गाळतो, जिवाणी परत पोचवतो, मग उकळतो. गिझरमध्ये टाकीचं न गाळलेलं पाणी थेट शिरतं. ते कितीही तापलं, तरी आपण पाळायचा विधी त्यात झालेला नसतो. वर तसलं कढत पाणी मोरीत ओतलं, की तिथल्या किड्यामुंग्यांचं काय होतं ते सांगायला नको.

आता यंत्राचं. पाणी ठरावीक तापलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि दिवा विझतो. दिवा विझतच नसेल, तर थर्मोस्टॅट चिकटलाय असं समजा. बोअरच्या जड पाण्याचे क्षार कॉइलवर बसतात, गिझर गुरगुरायला लागतो, तापमानाचा अंदाजही चुकतो. थर्मोस्टॅट निकामी झाला तरी जास्त तापल्यावर वीज तोडणारा कटआउट असतो. तोही गेला, तर दाब सोडायला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १६०० पट जागा मागते. बंद टाकीत ती जागा कुठून येणार?

आमच्या गिझरचा उलगडा नंतर झाला. मागे एकदा तो तापेना, तेव्हा आलेल्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅट वगळून वायर 'डायरेक्ट' जोडली होती. दोनशे-तीनशे रुपये वाचले म्हणून मीच खूश झाले होते. चूक मिस्त्रीची होतीच, पण न विचारता पैसे देणारी मी होते.

म्हणून सांगते. वाफ आली, तर नळाशी खेळू नका. आधी एमसीबी पाडा, टाकी निवू द्या, मग जाणता इलेक्ट्रिशियन बोलवा. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच मारू नका. कटआउट सारखा पडत असेल, तर बटण दाबून पुन्हा पुन्हा चालू करू नका, कारण शोधा. 'डायरेक्ट' करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. दरवर्षी क्षार काढून घ्या.

तापमान ५० अंशांच्या आसपास पुरतं. ६० अंशांच्या पाण्यानं पाचेक सेकंदांत भाजतं, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना त्याहून लवकर. शिवाय आधी कढत करायचं आणि मग गार मिसळायचं, यात वीजही जास्त जाते.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना प्रमाद आधी सांगितलाय. आपण पाणी गाळतो, दिवा झाकतो, पाऊल बघून टाकतो. मग रोज दिसणाऱ्या त्या लाल दिव्याकडे दुर्लक्ष करणं, हा प्रमाद नाही तर काय? यत्नाचार फक्त स्वयंपाकघरापुरता नाही, तो न्हाणीघरातही पाळायचा असतो.

सासूबाईंचा हात आता बरा आहे. आज आंघोळीला जाताना त्या दिवा विझलाय का बघतात. तुम्हीही उद्या पहाटे बघा.